तळ्याकडे गेलेली बस

पहाटे साडेपाचला बस कारखान्याच्या कोपऱ्यावरून सुटली. रस्त्यापलीकडे कारखान्याचा मॅनेजर आपल्या गाडीत बसून बघत होता. अंधुक उजेडात बसच्या खिडक्यांतून पांढरे रुमाल बांधलेली डोकी दिसत होती. आत कुणीतरी बेसूर आवाजात गाणं म्हणत होतं. बस वळून दिसेनाशी झाली, तसा त्याने मेहुण्याला फोन लावला.

"गेल्या सगळ्या. ट्रक आण."

कारखाना शर्टांचा. शिलाई करणाऱ्या सगळ्या बायका आज वाळवंटातल्या तळ्यावर चालल्या होत्या, रात्रीशिवाय त्या परतणार नव्हत्या. तोवर शिलाईची मशिनं ट्रकांत चढून लांबच्या गावी पोचली असती. तिथल्या बायका कमी बोलतात, असं मालकाच्या कानावर आलं होतं. इथल्यांना काही सांगायचं नाही, असा त्याचा हुकूम होता. उद्या सकाळी रिकाम्या शेडपुढे त्यांनी कितीही आरडाओरडा केला, तरी ऐकायला कुणी नसणार होतं.

सहलीची कल्पना मॅनेजरची नव्हती. त्याला तेच विशेष आवडलं होतं.

दोन आठवड्यांपूर्वी काजवाली त्याच्या केबिनमध्ये आली होती. ती काजाच्या मशीनवर बसायची आणि सगळ्यांच्या वतीने बोलायचीही तीच. कुणी सांगायच्या आत तिने खुर्ची ओढून घेतली.

"आम्हाला तळ्यावर जायचंय. सगळ्यांना, एकाच दिवशी."

"आणि काम कोण करणार?"

"त्या दिवसाची पाळी आदल्या रात्री भरून काढतो. पहाटे इथूनच बसमध्ये बसू. तुमचा एक शर्ट कमी पडणार नाही."

मॅनेजरच्या तोंडी सवयीने 'नाही' आलं होतं. ते त्याने गिळलं. मशिनं गुपचूप हलवायची कशी, या विचाराने त्याची झोप उडाली होती. केबिनच्या पातळ फळीआडून मेहुण्याला रोज तेच फोन चालायचे. आणि आता उत्तर स्वतः चालत आलं होतं.

"जा की," तो म्हणाला. "बस आम्ही देऊ."

काजवाली त्याच्याकडे बघत राहिली. "इतकी वर्षं साधी खिडकी उघडू दिली नाहीत. आता एकदम तळं?"

"माणूस बदलतो, बाई."

"बदलला असेल तर बस चांगली द्या. पायरी खाली असलेली. डगमगणारा खटारा आला तर आम्ही चढणार नाही."

त्यानंतर ती रोज काही ना काही मागायला यायची. तळ्याची सगळी माहिती तिने काढली होती. उन्हं वर आली की पाणी हिरवं दिसतं, दुपारी निळं होतं, आणि काठावर साठलेलं मीठ डोळे दिपवतं. पण सावली म्हणाल तर औषधालाही नाही.

"तंबू लागेल," तिने बजावलं. "बस काठापर्यंत न्यायची. वाळूत चालायला लावायचं नाही. आणि वाटेत दर तासाला थांबायचं."

मॅनेजरला हसू आवरेना. "सहल आहे की दवाखाना? नव्वदीच्या झालात का सगळ्या?"

"तुमच्या बिनपाठीच्या स्टुलांवर बसून गुडघे झालेत नव्वदीचे. तंबू देताय की नाही?"

त्याने तंबू दिला. डोक्याला बांधायला रुमाल हवेत म्हणून कापडाच्या चिंध्याही दिल्या. सुपरवायझर बरोबर येणार नाही, हेही मान्य केलं.

"तळ्यावर तरी पाठीशी कुणी उभं नको," काजवाली म्हणाली.

"नसेल. अजून काही?"

"आठवलं की येईन."

आदल्या संध्याकाळी रात्रीची पाळी सुरू होताना ती पुन्हा केबिनच्या दारात उभी राहिली.

"परवा सकाळी कामावर यायचंच ना, साहेब?"

"मग काय? मशिनं कुठे पळून जातायत?"

"मशिनांचं कुठे विचारलं? आम्ही यायचं का, एवढंच विचारलं."

तो चपापला. पण ती तोवर वळून शेडमध्ये गेलीही होती. एवढ्या-तेवढ्यावरून घाबरलो तर झालंच, असं त्याने स्वतःला समजावलं. ट्रक बघायला कुणी नको, म्हणून त्याने सुपरवायझरला आणि पहारेकऱ्यालाही रात्रीपासून सुट्टी दिली. दोघे खूश होऊन घरी गेले.

बस सुटल्यावर अर्ध्या तासात ट्रक आले. पुढच्या ट्रकमधून मेहुणा हमालांना घेऊन उतरला.

"कुणी बघितलं तर नाही ना, भावोजी?"

"बघायला उरलंय कोण?"

फाटक मॅनेजरने स्वतः उघडलं. शेडचं शटर खाली ओढलेलं होतं. आतले दिवेही विझलेले होते.

"शिस्त बघ," तो मेहुण्याला म्हणाला. "जाताना दिवे मालवून गेल्यात."

हमालांनी शटर वर ढकललं. मॅनेजरने चाचपडत बटण दाबलं.

एकेका मशीनवर एकेक बाई बसलेली होती. कुणी उठलं नाही, कुणी ओरडलंही नाही. काजवाली पहिल्या रांगेत होती. तिने हमालांकडे एकदा पाहिलं.

"मशिनं न्यायची तर आमच्यासकट उचला," ती म्हणाली. "सावकाश उचला. रात्रभर बसून अंग आखडलंय."

हमालांनी मेहुण्याकडे पाहिलं आणि मेहुण्याने मॅनेजरकडे. मागच्या रांगेत एक मशीन सुरू झालं, मग दुसरं, मग सगळीच.

मॅनेजरला आवाज चढवून विचारावं लागलं. "पण बस तर भरून गेली. मी या डोळ्यांनी पाहिली. आत कोण होतं?"

"आमच्या सासवा," काजवाली म्हणाली. "सुना कधी कुठे नेत नाहीत, ही त्यांची फार दिवसांची तक्रार होती."