पांढऱ्या काठाची लिली

“गुलाब कुठे गेले, बुवा?” नव्या व्यवस्थापकांनी वाचनालयाच्या फाटकातच माळीबुवांना गाठलं. “आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना हे गवत कसलं?”

“गवत नव्हे साहेब, फ्लॅक्स लिली. दिसते गवतासारखी, पण निळी फुलं येतात, मग निळी फळं. एकदा मूळ धरलं की पाणी बेताचं, छाटणी जवळजवळ नाहीच. गुलाबाची रोज मनधरणी करा, वर काटे खा! आताशा नको वाटतं.”

“म्हणजे झाडांना माळीच नको. मग तुम्हाला कशाला ठेवू?”

बुवा हसले, पण खुरप्यावरची मूठ घट्ट झाली. नवराबायकोची चूल या एका नोकरीवर पेटत होती.

व्यवस्थापकांनी कंत्राटदार हेरूनच ठेवला होता. आज बागतज्ज्ञ बाई पाहणीला येणार, त्यांनी नाक मुरडलं की बुवांना नारळ.

बाई आल्या. चपला वाजताच बुवांनी वळून नमस्कार केला. बाईंनी कौतुकाने हात पुढे केला, तो तसाच अधांतरी राहिला. ‘म्हातारा भलताच ताठ,’ व्यवस्थापक मनात म्हणाले आणि खूश झाले.

“पानं पायाला लागतायत हो,” बाई म्हणाल्या.

“लागू द्या की. भरकटलात तर तीच सांगतील, बाईसाहेब, जरा आत सरका!”

बाई हसल्या. बुवा उकिडवे बसले आणि आभाळाकडे तोंड करून गप्पा मारता मारता त्यांनी एका जुडग्यात बोटं घालून नेमकं तण उपटलं. बाई बघतच राहिल्या. मग चार पावलं मागे सरून त्यांनी अख्खी वाट न्याहाळली.

“हिरव्या पानांत मध्येच ही पांढऱ्या काठाची रोपं! कुठे एक, कुठे तीन, काही हिशेबच नाही. जणू उन्हाचे कवडसे सांडलेत. आम्ही कागदावर आखत बसतो आणि बागेची कवायत होते. कसं सुचलं हो तुम्हाला?”

बुवांनी जवळच्या पानाच्या काठावरून बोट फिरवलं. “सुचलं कसलं, बाईसाहेब! हाताला आली तशी लावली.”

“ऐका!” बाई व्यवस्थापकांकडे वळल्या. “खरा कलावंत असाच बोलतो. यांना सोडलंत तर पस्तावाल. मागचं अंगणही यांच्याच हवाली करा.”

व्यवस्थापकांनी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड केलं आणि मान डोलावली.

संध्याकाळी बायको नेहमीसारखी फाटकाशी न्यायला आली.

“राहिली गं नोकरी! मागचं अंगणही आपलंच,” बुवा म्हणाले. मग आवाज खाली आणून, “पण काय गं, पांढऱ्या काठाची रोपं कुठली?”

“रोपवाटिकेवाल्याने दोन जाती मिसळून पाठवल्या होत्या. गोजिरं दिसत होतं, मग मी कशाला बोलू?”

“बोलायचं की!” बुवांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि पाऊल उचललं. “मला तर वर्ष झालं, तूसुद्धा दिसली नाहीस.”