बोथट कोयता

राजाच्या कुरणात गावाची गुरं चरायची. त्या चराईचा वर्षाचा खंड म्हणजे एक धारदार कुऱ्हाड आणि एक बोथट कोयता. दरबारातल्या चाचणीत कोयत्याने फांदी तुटली तर खंड बाद, कुरण गेलं. दरबाराच्या पायरीवर लोहार विल्किनने कोयत्यावरून अंगठा फिरवला आणि रक्त आलं. "लेका, धार लावलीस?" गावप्रमुख कुजबुजला. "सकाळी हात आपोआप कानशीकडे गेला." "आता गुरांना कानस खायला घाल." आतून पुकारा झाला. चाळीस वर्षं त्याने धार लावली होती, घालवली कधीच नव्हती. खाली बसून तो कोयता पायरीच्या दगडावर खसाखसा घासू लागला. आत राजाच्या कारभाऱ्याने हेझलच्या झुडपाच्या फांदीवर कोयता हाणला. फांदी नुसती वाकली. "वा, इतका निकामी कोयता कोणी घडवला?" त्याने विचारलं आणि दरबार हसला. "मीच," विल्किन पुटपुटला. "पण सरकार, माझी कुऱ्हाड बघा ना."