वासंतीचा आवाज

घरातला कॉम्प्युटर रोज सकाळी "अहो, चहा निवतोय," म्हणायचा, तेही श्रीनिवासरावांच्या वारलेल्या पहिल्या बायकोच्या, चारूच्या आवाजात. ते 'अहो' ऐकलं की वासंतीचा नुसता जळफळाट व्हायचा. शेवटी नवा कॉम्प्युटर घ्यायला तिने नवऱ्याला दुकानात नेलंच.

"यात आवाज कुणाचा भरू?" दुकानदाराने विचारलं.

"माझा!" वासंती ताडकन म्हणाली आणि माइकपुढे अगदी साखर पेरत बोलली.

महिनाभरात श्रीनिवासराव चांगलेच खुलले. तासन्‌तास कॉम्प्युटरशी गप्पा मारू लागले.

आज वासंतीने स्वयंपाकघरातून हाक मारली, "अहो, जेवायला चला!"

"आलोच गं राणी," श्रीनिवासराव स्क्रीनकडे बघून लाडात म्हणाले.

वासंतीने हातातली पळी आपटली. "तिने नाही, मी हाक मारली!"