तीन खणांची मशीन

चौथं संत्रंही चुकीच्या खणात पडलं, तेव्हा चंद्रभाननं बटण बंद केलं.

"फट कमी पडली गा," जयवंता म्हणाली. "हे मधल्या मापाचं आहे. मोठ्यात काहून जाऊन राहिलं?"

चंद्रभाननं पान्हा घेऊन रूळ सुतभर लांब सरकवला. मशीन म्हणजे तसा नमुनाच होता, टेबलावर मावेल एवढा. उतरते ठेवलेले दोन लाकडी रूळ, खाली रुंद होत जाणारी त्यांच्यामधली फट, आणि फटीखाली बारीक, मध्यम, मोठं असे तीन खण. खणाखालची पेटी भरली की तिच्या वजनानं फळी कलायची, पेटी पुढं सरकायची आणि रिकामी पेटी तिच्या जागी यायची. चेन सायकलची, मोटर शिलाई मशीनची. चंद्रभान हे सगळं एका कापड गिरणीत शिकला होता. त्या गिरणीनं त्याला नऊ वर्षं बदली कामगार म्हणून झुलवत ठेवलं होतं.

मापं मात्र जयवंताची. ही त्याची थोरली बहीण, विधवा, त्याच्याच घरी राहणारी. संत्र्यांचे व्यापारी कृष्णकांत साहेब, त्यांच्या वाडी गावातल्या गोदामात तिनं अठरा वर्षं संत्री निवडली. डोळे मिटून हातात धरलं तरी माप सांगायची. महिन्याभरापूर्वी पेटीचा गंजका खिळा उजव्या तळव्यात गेला, हात चिघळला, दोन बोटं वाकडी झाली. साहेबांनी तिला येऊ नको म्हणून सांगितलं. त्यावर निवडणाऱ्या बावीस बायकांनी काम थांबवलं आणि गोदामाबाहेर निंबाखाली बसल्या. जयवंताला परत घ्या, एवढंच मागणं. त्यांच्यात सगळ्यांत पुढं चंद्रभानची बायको वच्छला.

आणि इकडे चंद्रभान गोदामाच्या मागच्या खोलीत साहेबांसाठी मशीन बनवत होता. साहेबांनी स्वतः बोलावून शब्द दिला होता. नमुना चालला की मोठी मशीन, तिच्यावर चंद्रभान कायम मिस्त्री, आणि बटणापाशी खुर्चीवर जयवंता. बटण दाबायला एक हात पुरतो. असा माणूस देवमाणूस वाटला तर चंद्रभानचं काय चुकलं?

वच्छलाच्या गळी ते उतरत नव्हतं. "आम्ही जयवंताबाईसाठी उन्हातान्हात बसून राहिलो, अन् तुम्ही साहेबाची मशीन करता?"

"मी बी बाईसाठीच करून राहिलो वं."

"करू दे त्याले," जयवंता म्हणाली. "निवडणं मशीनवर गेलं तर तुमच्या कमरा वाचतीन. पेट्यांत तणस-गवत भराले बाया लागतीनच."

वच्छला पदर खोचून परत निंबाखाली जाऊन बसली.

मृग बहाराची संत्री नरखेडहून येऊन गोदामात पडली होती. साहेब रोज मशीन बघायला येत. मोठीला खर्च किती, वीज किती, हे कधी विचारत नसत. "किती बायकांचं काम करेल?" एवढंच विचारत. मोटर पंधरा मिनिटांत तापते, असं चंद्रभाननं भीतभीत सांगितलं.

"पंधरा मिनिटं पुष्कळ झाली," साहेब म्हणाले. "पण या खोलीत नको. पुढं गोदामात मधोमध मांड, बायका निवडायला बसतात तिथं. त्यांनीही बघायला हवी."

मोठ्या मनाचा माणूस, चंद्रभानला वाटलं.

सोमवारी सकाळी बायकांना आत बोलावलं. जयवंतानं डाव्या हातानं बटण दाबलं. शंभर संत्री सोडली, एकही चुकलं नाही. पेट्या भरल्या, सरकल्या. महिन्यानं जयवंता हसली. बायका मात्र मशीनकडे नाही, एकमेकींकडे बघत होत्या. त्यांच्यातल्या म्हाताऱ्या प्रयागबाईनं एक संत्रं उचललं, हातात तोललं आणि परत ठेवलं. चंद्रभानला इतका आनंद झाला होता की त्याचं तिकडे लक्षच गेलं नाही.

दुपारी साहेबांनी त्याला ऑफिसात बोलावून पेढा दिला. मग एक टाइप केलेला कागद पुढं सरकवला. "साक्षीदार म्हणून सही कर."

चंद्रभाननं वाचला. आम्ही उद्यापासून पूर्वीप्रमाणे कामावर येऊ, जयवंताबाईंना काढल्याबद्दल आमची तक्रार नाही. खाली एकवीस अंगठे आणि एक सही. सही वच्छलाची. ती चौथी शिकलेली होती.

"साहेब, बाईचं नाव..."

"त्यांनी आपणहून लिहून दिलं. मी इतकंच म्हटलं, मशीन आली की बायका लागणार नाहीत."

चंद्रभान घुटमळला. मग त्यानं स्वतःची समजूत घातली. बाईला खुर्ची मिळणारच होती. निवडायला परत घेतलं नाही तर काय बिघडलं? वच्छलानंही तोच विचार केला असेल. त्यानं सही केली.

"मग मोठी मशीन कधी, साहेब?"

साहेबांनी सहीवरची शाई टिपली आणि कागद कपाटात ठेवला.

"मोठी कशाला? बायका आल्या ना कामावर."