साठीची भेट

वाढदिवसाला निनाद पाटावर बसला. एकसष्ट वर्षांचा माणूस चाळिशीतला दिसत होता. मृण्मयी तबक धरून नुसतीच उभी होती.

गेल्या वर्षी साठीशांतीला पेशींमधल्या गुणसूत्रांची झिजलेली टोकं लांबवून तारुण्य परत देणारं इंजेक्शन नवऱ्याला तिनेच भेट दिलं होतं. डॉक्टरीणबाईंनी आधी रक्त तपासायला सांगितलं, तर मृण्मयी म्हणाली, "शुभकार्याच्या दिवशी रक्त कशाला काढायचं?"

काल दोघांना समोर बसवून बाई म्हणाल्या, "रक्ताचा कर्करोग आहे. मूठभर बिघडलेल्या पेशी तेव्हाच होत्या. टोकं झिजून त्या आपोआप मेल्या असत्या. आपण त्यांनाही आयुष्य दिलं."

"ओवाळ ना," निनाद हळूच म्हणाला. "फक्त या वेळी आयुष्य माझ्यापुरतंच माग."