भिंतआजोबांचे कान

"बाबा, एकदा कानात घालून तर बघा!" छोटू ओरडून म्हणाला. त्याच्या हातातल्या डबीत शेंगदाण्याएवढं यंत्र होतं, मोबाइलला जोडता येणारं आणि पगाराला चांगलंच भोक पाडणारं.

बाबांनी डबी परत त्याच्याकडे सरकवली. "मोबाइलला जोडायचं म्हणजे आपण घरात काय बोलतो ते कंपनी ऐकणार. कंपनीकडून सरकार ऐकणार."

"तुमचं बोलणं अख्ख्या जिन्याला ऐकू जातं. सरकारला यंत्र कशाला हवंय?"

समोर बसलेल्या आईला हसू फुटलं.

छोटू हे नाव आता त्याला शोभत नव्हतं. दारातून येताना वाकायला लागायचं इतका तो उंच झाला होता, वेगळं बिऱ्हाड करून राहत होता. पण बाबांच्या कानांपुढे त्याचीही उंची कमी पडायची.

निवडणूक तोंडावर आली होती. एक उमेदवार कानाची यंत्रं फुकट वाटत फिरत होता, खोक्यावर त्याचाच हसरा फोटो. शेजाऱ्यांनी बाबांसाठी एक आणून दिलं, ते बाबांनी न उघडता परत पाठवलं. आईचं मत नेमकं त्याच उमेदवाराला. मग काय, रोज संध्याकाळी दोघांची जुंपायची. खुर्च्या समोरासमोर, टीव्ही मोठ्या आवाजात, पडद्यावर खाली सगळं अक्षरांत. बाबा हातवारे करकरून तिच्या पक्षाची सालटी काढायचे आणि आई तोडीस तोड उत्तर द्यायची. इतकं जीव लावून भांडणारं दुसरं जोडपं शोधून सापडलं नसतं.

आई घरातच पाळणाघर चालवायची. छोटूची धाकटी बहीण लहानपणी तापानं गेली, त्यानंतर आई बरेच दिवस अंथरुणातून उठत नव्हती. शेजारणीनं एक दिवस आपलं बाळ तिच्या मांडीवर दिलं तेव्हा ती उठली. पाळणाघरातली पोरं यायची थांबली तर आई पुन्हा उठणार नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं.

बाबा निवृत्त झाल्यापासून दिवसभर तिथेच असायचे. दारावरची बेल वाजली की लागणारा दिवा त्यांनी स्वतः बसवून घेतला होता. मुलं झोपायच्या खोलीच्या दाराशी त्यांची खुर्ची. तिथून उठले की जाता-येता आईच्या खांद्यावर हात ठेवायची त्यांना खोडच होती. मुलांना न्यायला आलेल्या बायका गालात हसायच्या. आपसात त्या बाबांना 'भिंतआजोबा' म्हणायच्या. बाबांना ऐकू येत नाही म्हटल्यावर त्यांच्या पुढ्यातसुद्धा.

त्यांतल्याच एकीनं छोटूला जिन्यात गाठलं. ती बँकेत नोकरीला होती.

"राग मानू नका," ती म्हणाली, "पण काल मी आजोबांना मागून किती हाका मारल्या, ते ढिम्म हलले नाहीत. उद्या तुमच्या आई न्हाणीघरात असल्या आणि माझ्या मुलीचा श्वास अडकला तर? बहिऱ्या माणसाला काय कळणार?"

"आई आहे ना."

"त्यांच्याबद्दल प्रश्नच नाही. त्या डोळ्यांत तेल घालून सांभाळतात. पण आजोबांचं काहीतरी करा, नाहीतर दिवसा त्यांना तुमच्याकडे ठेवा. मी एकटी नाही, सगळ्याच म्हणतायत."

छोटू तसाच वर गेला आणि बाबांसमोर उभा राहिला. "उद्या सकाळी कान तपासायला चला. तुमच्या हट्टापायी आईचं पाळणाघर बंद पडेल."

बाबांचा चेहरा उतरला. "रविवारी जाऊ."

"रविवारी तिथे कुणी नसतं."

"मग संध्याकाळी. पोरं गेल्यावर."

"सकाळचीच वेळ मिळालीय, बाबा. आई आहे की घरात!"

बाबा आईकडे वळले. "मी जाऊ?" त्यांनी विचारलं.

आईनं पदराला हात पुसले. "जा. मी बघते."

दुसऱ्या दिवशी बाबा जिना उतरले, पुन्हा वर गेले, पुन्हा उतरले. वाटेत सारखे घड्याळ बघत होते. दवाखान्यात पोचल्यावर तपासणाऱ्या मुलीला "जरा लवकर आटपा" म्हणून त्यांनी भंडावून सोडलं.

ती बाहेर आली तेव्हा तिच्या कपाळावर आठी होती. "यांना कशासाठी आणलंत? मी पाठीमागून कुजबुजले तेही यांनी बरोबर सांगितलं. यांचे कान तुमच्यापेक्षा तिखट असतील."

छोटूचं डोकंच फिरलं. रस्त्यावर येताच तो बाबांवर तुटून पडला. "इतकी वर्षं नाटक? लोक तोंडावर भिंत म्हणतात तुम्हाला! मी ओरडून ओरडून घसा फोडतोय! काय मिळालं हे करून?"

"ओरडू नकोस," बाबा हळूच म्हणाले. इतक्या हळू ते बोलू शकतात हे छोटूला माहीतच नव्हतं. त्यांचे डोळे भरले होते. "घरी चल. आधी घरी चल."

रडणं जिन्यातच ऐकू आलं. बाबा गुडघे विसरून धावत चढले, किल्लीनं दार उघडून थेट मुलांच्या खोलीत शिरले. तिथे एक पोर रडून रडून घोगऱ्या झालेल्या आवाजात अजून टाहो फोडत होतं.

आई बाहेरच्या खोलीत, त्या दाराकडे पाठ करून जमिनीवर बसली होती. समोरच्या पाळण्यात बँकेतल्या बाईंची मुलगी झोपली होती. आईचा तळहात तिच्या पोटावर होता आणि नजर तिच्या ओठांवरून हलत नव्हती.

"आई," छोटू म्हणाला. मग मोठ्यानं, "आई!" मग अख्खा जिना दणाणेल इतक्या मोठ्यानं.

पाळण्यातली मुलगी दचकून जागी झाली, आणि ती कशाला दचकली ते बघायला आईनं मान वळवली.