घरात पाणी आलं

हिरूकाकीच्या नातीचं बारसं झालं त्या वर्षी, २०५८ साली, पुराचा धोका मोजणाऱ्या बंदरावरच्या यंत्राने गाबीतवाडीला लाल रंग दिला. लाल म्हणजे समुद्राची भिंत वाडीच्या मागून जाणार आणि सत्तावीस घरं उठणार.

“आमच्याकडे पाणी चढलं कधी गो?” काकीने पाहणीला आलेल्या ऋजुताला विचारलं.

“काकी, यंत्राने तुमच्या जुन्या मुलाखती ऐकल्यात. तुम्हीच म्हणालात, सदतीस साली घरात पाणी आलं. अशी अकरा घरं निघाली.”

“ते पाणी तसलं नव्हे गो,” काकी म्हणाली. वाडीत ‘बुडाला’ हा शब्द कुणी उच्चारत नसे. उच्चारला तर दर्या दुसरं माणूस मागतो, असं सगळे मानत. म्हणून कुणी दर्यात गेलं की म्हणायचं, त्यांच्या घरात पाणी आलं. आणि काकीचा धाकटा सकाळीच होडी घेऊन गेला होता.

“दुरुस्ती आज संध्याकाळपर्यंतच होईल,” ऋजुता म्हणाली. “पण यंत्राला सरळ सांगावं लागेल.”

काकीने एकदा दर्याकडे पाहिलं.

“लिही. माझा थोरला, रामदास, सदतीस साली गणेश चतुर्थीच्या आदल्या दिवशी दर्यात बुडून मेला. घर कोरडं होतं.”